लेकीच्या हातचे पाणी

व्रत हे धरणाऱ्याच्या मनात जन्मते. परंतु ज्याच्या कल्याणासाठी ते धरलेले असते, त्याच्या आयुष्यावर त्याची सावली पडत राहते, हे व्रतस्थाला पुष्कळदा दिसत नाही. द्वेषाने केलेली कृती माणूस कधी ना कधी ओळखतो आणि तिच्यापासून मागे फिरतो. प्रेमाने केलेल्या चुकीतून मागे फिरणे मात्र अवघड, कारण तिथे पश्चात्तापाला जागाच सापडत नाही. चारुदत्तांच्या घरात अशी एक चूक दहा वर्षे सोवळ्यात जपली गेली होती. ती जपणारी माणसे दोनच होती, आणि त्यांतल्या एक होत्या त्यांच्या पत्नी सुलभाताई.

दोन हजार सहा सालच्या नोव्हेंबरातला तो शनिवार. ऑकलंडजवळच्या पापाकुऱ्यात, मुलाच्या म्हणजे देवव्रताच्या स्वयंपाकघरात सुलभाताई मटार सोलत बसल्या होत्या. हात चालत होते, पण कान बाहेरच्या रस्त्याकडे होते. त्यांची लेक येणार होती. एरवी लेक माहेरी यायची ती लेक म्हणून. आज ती प्रथमच राणी होऊन येत होती.

सोळा वर्षांपूर्वी इरावती पुण्याहून न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थला मातीचे शास्त्र शिकायला आली. त्याच वर्गात लोमातुआ बेटांचा एक उंच, लाजरा राजपुत्र शिकत होता. पुढे जे व्हायचे ते झाले. बेटावर जाऊन चारुदत्तांनी स्वतःच्या हाताने, मंत्रोच्चारात तिचे कन्यादान केले. परका देश, परका वंश, परका धर्म; पण संस्कृत शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या त्या माणसाने कपाळाला एक आठी घातली नाही. आता तिचे सासरे निवर्तले होते. तेवाकी राजे झाले होते, आणि एप्रिलात दोघांचा अभिषेक व्हायचा होता.

जेवणाच्या टेबलावर राजवाड्याचे पत्र पडले होते. देवव्रताने ते तिसऱ्यांदा वाचले.

"इतकं सिंपल आहे हो," तो म्हणाला. "उद्या हॉलमध्ये ताई लाकडी वाडग्यातून नारळाचं पाणी देणार, नानांनी दोन घोट घ्यायचे. दॅट्स इट. राणीच्या माहेरच्या वडीलधाऱ्याने तिच्या हातचं पाणी प्यायलं, की ती त्या बेटांची झाली. नाही प्यायलं, तर अभिषेक होऊनही ती पाहुणीच राहणार. असा त्यांचा रिवाज आहे."

"आणि आपला रिवाज?" काशिनाथ म्हणाले. हे चारुदत्तांचे धाकटे बंधू. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या न्यू लिनहून मुद्दाम आले होते. "मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणी घेऊ नये. आपल्या आजोबांनी बेबीआत्याच्या घरी अकरा वर्षं घोटभर पाणी घेतलं नाही. अंगणातल्या विहिरीवर जायचे आणि स्वतः शेंदून प्यायचे."

"अहो काका, ती विहीरसुद्धा आत्याच्या सासरचीच होती की!" सून विनिता म्हणाली.

देवव्रताला हसू आवरेना. काशिनाथ चिडले. "हसा! हसायला काय जातंय?"

"तसं नाही काका. पण तुम्हीसुद्धा जुईकडेच राहता ना? लेकीच्याच घरी?"

"जुईला दोन मुलं आहेत," काशिनाथ म्हणाले. "नियमात बसतं."

हे वाक्य तोंडातून गेले आणि त्यांनाच लागले असावे. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. इरावती चाळिशीला आली होती. दोन वेळा कूस उजवली होती आणि दोन्ही वेळा रिती झाली होती, हे त्या टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला ठाऊक होते.

"दिस इज सो अनफेअर," कोपऱ्यातून सतरा वर्षांची अनुष्का म्हणाली. "आजीने तर आत्याकडे खाल्लंय. हीप्स ऑफ टाइम्स."

काशिनाथांनी वहिनींकडे पाहिले. "खरंच, वहिनी? तुम्हाला नेम नाही?"

"आईला नेम लागत नाहीत, भाऊजी. भूक लागते," सुलभाताई म्हणाल्या, आणि एक शेंग पुन्हा पुन्हा दाबत राहिल्या, तिच्यातले दाणे केव्हाच निघाले होते.

मागच्या काचेच्या खोलीत चारुदत्त आरामखुर्चीत बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, आवाज मऊ. तिथूनच ते म्हणाले, "मी उद्या येईन. ती सांगेल तिथे बसेन. पण पाणी घेणार नाही. देवा, तू हे त्यांना आधी कळव, म्हणजे तिचा चारचौघांत अवमान व्हायला नको."

"नाना, कळवलं तरी अवमान तोच!"

सुलभाताईंच्या ओठांवर काही आले आणि परत गेले. बेटावर लग्नानंतर चारुदत्तांनी पाणी नाकारले ते केवळ चालत आलेल्या रीतीने, हे खरे होते. पण दोन वर्षांनी पहिले मूल गेल्याची तार आली, तेव्हा त्यांनी त्या रीतीचे व्रत केले. देवापुढे बसून सांगितले की इरेच्या मांडीवर मूल दिसेल त्या दिवशी तिच्या घरचे पाणी घेईन, तोवर त्या सुखाला शिवणार नाही. मग सुलभाताईंकडे वळून म्हणाले होते, "कुणाला सांगायचं नाही. तिला तर नाहीच. बोलून दाखवलेलं व्रत फळत नाही." सुलभाताईंनी होकाराची मान हलवली होती. ती हललेली मान त्यांना दहा वर्षे जड होत गेली होती.

गाडी आली तेव्हा शेजारच्या घरातल्या बाई पडदा सारून पाहत होत्या. पुढे पोलिसांची गाडी, मागे काळी गाडी. तीतून इरावती उतरली. साधा निळा झगा, कमरेला बेटाच्या रिवाजाची बारीक विणीची चटई, पायांत जँडल्स, म्हणजे साध्या रबरी चपला. त्या दारात काढून ती आत आली आणि काही कळायच्या आत आईच्या पायांवर वाकली.

तिच्या मागून फेतूला आत येत होती. साठीची, धिप्पाड, कानामागे फूल खोवलेली ही बाई राणीची सोबतीण आणि रिवाजांची राखणदारीण. राणीचे मस्तक वाकलेले कुणी पाहू नये असा त्यांचा नियम. फेतूलाने क्षणात पाठ फिरवली आणि ती अंगणातल्या लिंबाच्या झाडाकडे अशा निष्ठेने बघू लागली, की जणू ते पाहण्यासाठीच ती समुद्र ओलांडून आली होती.

"झाड बघून झालं का गं?" इरावतीने तिला इंग्रजीत विचारले.

"लिंबं फार छान आहेत, महाराणी," फेतूला म्हणाली. "अजून कुणी राहिलं असेल तर मी मोजतेसुद्धा."

मग चारुदत्त राहिले होते, काशिनाथ राहिले होते. फेतूलाने लिंबे मोजली.

विनिताने कोचावर रेशमी आच्छादन घातले होते. इरावतीने त्याच्याकडे पाहिले, हसली, आणि स्वयंपाकघरात जाऊन सरळ आईजवळ जमिनीवर बसकण मारून मटार सोलू लागली. झाले! राणीहून उंच कुणी बसायचे नाही. फेतूलाने नुसता हात जमिनीकडे दाखवला. विनिता स्टुलावरून उतरली, देवव्रत खुर्चीवरून, अनुष्का ओट्यावरून. काशिनाथ गुडघा धरून निम्मे वाकले आणि तिथेच अडकले.

"काका, तुम्ही खुर्चीत बसा," इरावती म्हणाली. "राजाज्ञा आहे."

"तुझ्या राज्यात सांधेदुखीला सवलत आहे, हे बरं आहे," काशिनाथ म्हणाले आणि सुस्कारा टाकून बसले.

थोडा वेळ सगळे पूर्वीसारखे झाले. करंज्यांच्या सारणाचा वास सुटला. अनुष्काने विचारले, "आत्या, क्वीन एक्झॅक्टली काय करते गं? लाइक, रोज?"

"उभी राहते," इरावती म्हणाली. "खरंच सांगते. उभं राहायचं आणि नावं लक्षात ठेवायची. काल सकाळी शाळा, दुपारी म्हाताऱ्यांचं घर, संध्याकाळी सरकारी जेवण. एका आजींनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही. त्यांना वाटलं, मी त्यांची गेलेली बहीण. पंचवीस मिनिटं मी त्यांची बहीण होते. तेही कामच."

"आणि तिकडे, घरी?" सुलभाताईंनी विचारले.

इरावतीचा हात थांबला. "तिकडे मी दाराबाहेर बसते, आई. वडीलधाऱ्यांची सभा भरते त्या घराच्या दाराबाहेर पाहुणीची चटई असते. बारा वर्षं तिथे बसून मी ऐकते. आत बोलायचा हक्क नाही. दवाखान्याची बोट ते विकायला निघालेत."

"तुझी बोट?" देवव्रत म्हणाला.

"माझी कसली? लांबच्या बेटांवरच्या बायकांची. महिन्यातून दोनदा नर्स घेऊन जाते. सभेला वाटतं, तो नुसता खर्च आहे. तेवाकी माझ्या बाजूने आहेत, पण त्यांचं एकट्याचं चालत नाही. कुणीतरी आत बसून सांगायला हवं, की माझं पहिलं बाळ गेलं ते एवढ्यासाठीच. मी त्या लांबच्या बेटावर होते. पोटात कळा आल्या आणि तीन दिवस बोट आली नाही. हे दाराबाहेरून कसं सांगू?"

इरावती उठली, साडी नसतानाही पदर सावरल्यासारखा हात खांद्याशी नेला, आणि काचेच्या खोलीत गेली. सुलभाताई मागोमाग जाऊन दारात थांबल्या.

"नाना, उद्या घ्याल ना पाणी?"

चारुदत्तांनी लेकीकडे पाहिले. त्या नजरेत इतकी माया होती, की न जाणणाऱ्याला तो होकारच वाटला असता. "इरा, मी येईन. पण पाणी नाही घेता येणार. नेम आहे."

"मला मूल नाही, म्हणून?"

"नेम आहे," ते पुन्हा म्हणाले.

"तुम्ही माझं कन्यादान केलंत तेव्हा मला वाटलं, माझे वडील किती मोठे! तेवाकींच्या आईंनी मला विचारलं होतं, तुझ्या बाबांना आमची जात हलकी वाटते का? मी म्हटलं, छे, जुनी पद्धत आहे, बाळ झालं की सुटेल. मग बाळ झालंच नाही. आता माझ्या घरी न प्यायलेलं ते पाणी मला काय सांगतं, ठाऊक आहे नाना? की माझ्यात काय कमी आहे ते तुम्ही विसरला नाहीत." तिचा आवाज चढला नाही. उभे राहण्याची सवय झालेल्या माणसाचा तो आवाज होता. "ठीक आहे. तुमचा नेम तुम्ही पाळा."

ती मागच्या दाराने अंगणात गेली. चारुदत्तांचे ओठ हलले. पण व्रत बोलून दाखवायचे नसते. ते हातांकडे बघत बसले.

सुलभाताईंनी नवऱ्याकडे पाहिले, मग दाराकडे. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी दिलेला शब्द मोडला नव्हता. आज मोडला, तर दोष कुणाला लागेल हे त्यांना माहीत नव्हते. व्रताला लागेल, लेकीच्या कुशीला लागेल, अशी भीती त्यांना दहा वर्षे वाटत आली होती. पण अंगणात वाळत घातलेल्या चादरींच्या मागे लेकीचे खांदे हलताना दिसले, आणि त्यांचे पाय निघाले.

"इरे, ऐक. तुला वाटतं तसं नाहीये ते."

आणि त्यांनी सगळे सांगितले. तार, देवापुढचा तो शब्द, रोज सकाळी लेकीच्या नावाने सूर्याला दिलेले एक जास्तीचे अर्घ्य. "तुझ्यात कमी आहे म्हणून नाही गं. तुझ्या ओंजळीत काही पडावं म्हणून त्यांनी आपली तहान गहाण टाकली. मला सांगायची बंदी होती. आज मोडली मी."

इरावती ऐकत होती. मध्येच तिला हसू फुटले, आणि हसता हसता तिने चादरीचे टोक तोंडावर धरले.

"काय झालं गं?"

"आई... तीन वर्षांपूर्वी ऑकलंडला माझं ऑपरेशन झालं. गाठ काढली असं सांगितलं ना तुम्हाला? नुसती गाठ नव्हती. पिशवीच काढावी लागली."

सुलभाताईंनी दोरीचा खांब धरला.

"मी नाही सांगितलं. फोनवर 'तब्येत कशी आहे' विचारताना तुझा आवाज इतका जपून यायचा, की वाटायचं, तुझ्याकडे अजून थोडी आशा शिल्लक आहे, ती असू दे. मी विचार केला, मला नाही तर निदान आईला तरी."

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. एकीने आशा वाचवण्यासाठी सत्य झाकले होते, दुसरीने फळ वाचवण्यासाठी प्रेम झाकले होते. सुलभाताईंनी लेकीला जवळ घेतले. राणीच्या मस्तकाला हात लावायचा नसतो, हे त्यांच्या ध्यानात होते; पण ते मस्तक त्यांच्या खांद्यावर आपण होऊन आले, त्याला त्या काय करणार?

"आता त्यांना मी सांगते," सुलभाताई म्हणाल्या.

"नको. माझं मी सांगेन."

ती वडिलांपुढे जमिनीवर बसली. तिने दोन वाक्यांत सांगितले. चारुदत्तांनी आधी बायकोकडे पाहिले, आणि बंदी मोडल्याचे त्यांना कळले.

"तीन वर्षं?" ते म्हणाले.

"तीन."

"मी रोज सकाळी..." त्यांचे वाक्य तिथेच राहिले.

"माझ्यासाठी मागत होतात ना, नाना? मग एकदा मला विचारायचं होतंत. मला काय हवं ते मी सांगितलं असतं."

"काय हवं होतं तुला?"

"पहिलं बाळ गेलं तेव्हा तुम्ही माझ्या घरी येऊन जेवायला हवं होतं," इरावती म्हणाली. "बस. एवढंच हवं होतं."

दारात फेतूला येऊन उभी राहिली. पाच वाजता चर्चमध्ये मुलांचे गाणे होते. राणीला उशीर करता येत नाही. इरावतीने डोळे पुसले, चटईची गाठ सारखी केली. "नाना, मी आज तुमच्याकडून काही कबूल करून घेत नाही. उद्या नाही प्यायलात, तरी मी चारचौघांत हसूनच उभी राहीन. ते मला येतं." विनिताने हातात ठेवलेला करंज्यांचा डबा घेऊन ती गाडीत बसली. उत्तर घ्यायला ती थांबली नाही.

काशिनाथ उठले, गुडघा चोळत भावाजवळ जाऊन बसले.

"दादा, सकाळी मी वाईट बोललो. बेबीआत्याची गोष्टही अर्धीच सांगितली. बाकीची या घरात तुला एकट्याला ठाऊक आहे."

"नको, काशी."

"सांगू दे. अकरा वर्षांनी आत्या गेली. मूल नव्हतंच झालेलं. तेराव्याला आजोबा तिच्या घरी जेवायला बसले. नेम संपला होता ना! पहिला घास उचलला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले. वाढायला ती कुठे होती? मी सात वर्षांचा होतो. आजोबांना रडताना मी तेव्हा पाहिलं. तूही शेजारीच बसला होतास." ते थांबले. "आपण ती गोष्ट सांगतो तेव्हा विहिरीपाशीच का थांबतो रे?"

चारुदत्तांनी धाकट्या भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

रविवारी सकाळी स्नान करून आल्यावर सुलभाताईंना दिसले, की देवघरापुढे दोन पाट मांडले आहेत. ताम्हन, पळी, पंचपात्र घासून ठेवले आहे. आणि ते यजमानांनी स्वतः घासलेले दिसत होते, कारण कडेला पितांबरीचा पांढरा माग राहिला होता.

"बस," चारुदत्त म्हणाले. "व्रत टाकू नये. पण त्याचं उद्यापन करता येतं."

"फळ मिळालं नसताना?"

"फळ माझ्या मनाजोगतं मागत बसलो, तिथेच चुकलो. मला नातू हवा होता, सुलभा. मी त्याला तिचं सुख म्हणत होतो." "दहा वर्षं नेम पाळला, त्याचं काही पुण्य साचलं असेल तर ते देऊन टाकायचं. कशासाठी वापरायचं हे तिने ठरवावं. हाताला हात लाव."

सुलभाताईंनी त्यांच्या उजव्या हाताला आपली बोटे लावली. त्यांनी स्थळकाळाचा उच्चार केला. नेहमी येणारी भारतवर्षाची नावे टाळून त्यांनी या दक्षिण समुद्रातल्या बेटाचे नाव घेतले, पापाकुऱ्याचे घेतले, आणि पळीतले पाणी तळहातावरून ताम्हनात सोडले. "जे काही असेल ते इरावतीचं. इदं न मम."

पाण्याचा आवाज अगदी लहान झाला. सुलभाताईंना वाटले, कधीच न आलेल्या एका मुलाला आपण दोघांनी निरोप दिला. त्यांनी पदराने ताम्हनाची कड पुसली. चारुदत्त बराच वेळ पाटावरून उठले नाहीत, आणि त्यांनीही त्यांना उठवले नाही.

हॉल माणसांनी भरून गेला होता. ऑकलंडच्या दक्षिणेकडच्या उपनगरांतून लोमातुआची माणसे पांढरे कपडे घालून आली होती. कारखान्यांत, इस्पितळांत, विमानतळावर राबणारी माणसे. इरावती दोन तास उभी होती. सुलभाताई पाहत होत्या. प्रत्येक हात ती दोन्ही हातांत घेत होती, प्रत्येकाच्या आईचे नाव विचारत होती, आणि पुढच्याला ते सांगून ओळख करून देत होती. एका तरुण बाईने तिच्या हातात तान्हे बाळ दिले. इरावतीने ते सहज कडेवर घेतले, त्याच्या बापाशी बोलत राहिली आणि परत दिले. त्या वेळी चारुदत्त डोळे मिटतील, असे सुलभाताईंना वाटले होते. त्यांनी डोळे मिटले नाहीत.

मग सगळे चटयांवर बसले. पुढच्या एका उंच चटईवर राणी बसली. बेटांवरच्या वडीलधाऱ्यांच्या सभेतला सर्वांत वृद्ध पुरुष काठीवर रेलून उभा राहिला आणि त्याने आपल्या भाषेत काही विचारले. फेतूलाने अनुष्काला सांगितले आणि अनुष्का कुजबुजली, "तो विचारतोय, राणी ज्या मातीतून आली, त्या मातीचं कुणी इथे आहे का?"

इरावती समोर बघत होती. ती हसूनच बसली होती. तिने सांगितल्याप्रमाणे तिला ते येत होते. पण वाडग्याभोवतीची तिची बोटे पांढरी पडली होती.

चारुदत्त उठले. धोतर, बंद गळ्याचा कोट, अनवाणी पाय. देवव्रत आधार द्यायला सरसावला, त्याला त्यांनी खुणेने थांबवले. लेकीच्या चटईपाशी जाऊन तिच्याहून खाली, उघड्या लाकडी जमिनीवर ते बसले. बसायला त्यांना वेळ लागला. सारा हॉल तेवढा वेळ थांबला.

इरावतीने वाडगा पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, डोळ्यांना लावला, आणि ते पिऊ लागले. दोन घोट झाले. वृद्ध पुरुषाने काठी उचलली. पण चारुदत्त थांबले नाहीत. कंठ हलत राहिला, हनुवटीवरून एक थेंब कोटावर उतरला, आणि वाडगा रिकामा झाल्यावरच त्यांनी तो खाली घेतला.

"अजून आहे का गं?" त्यांनी विचारले.

वृद्ध पुरुष गोंधळला. त्या रिवाजात दुसरा वाडगा नव्हता. त्याने अनुष्काकडे पाहिले.

"ही वॉन्ट्स सम मोअर," अनुष्का म्हणाली.

हॉलभर हसू पसरले. मोठे, मोकळे, टाळ्यांचे. पाठीमागून कुणीतरी नारळ फोडल्याचा आवाज आला. फेतूला स्वतः दुसरा वाडगा भरून घेऊन आली. इतकी वर्षे सरकारी जेवणांत, दफनविधींत, सभेच्या दाराबाहेर एकदाही न रडलेली राणी आपल्या प्रजेसमोर रडत होती, आणि तिला कुणी थांबवत नव्हते.

वृद्ध पुरुषाने काठी जमिनीवर तीनदा आपटली. काही शब्द बोलला. लोकांनी ते शब्द एका आवाजात परत म्हटले. अनुष्काने विचारून घेतले आणि आजीच्या कानाशी मराठीतच म्हणाली, "आजी, आता ती पाहुणी नाहीये. पुढच्या सभेला आत बसणार."

माहेरच्या माणसाने शेवटी एक शब्द बोलायचा असतो, असे फेतूलाने खुणेने सुचवले. आयुष्यभर श्लोक शिकवलेले चारुदत्त आता एखादे मोठे वचन म्हणतील, असे काशिनाथांना वाटले असावे. ते ताठ बसले. चारुदत्तांनी लेकीकडे पाहिले. मग त्या भरल्या हॉलकडे, मांडीवर मुले घेऊन बसलेल्या त्या बायकांकडे पाहिले, आणि साध्या मराठीत, हळू आवाजात म्हणाले, "हिला सांभाळा. ही तुम्हाला सांभाळेल."

मागे बसलेल्या सुलभाताईंनी हात जोडले. लेकीसाठी त्यांनी आजवर एकच मागणे मागितले होते. आज ते मागण्याजोगे उरले नव्हते, आणि मन रिकामे झाल्यावर त्यात पुष्कळांना जागा झाली होती. दूरच्या कुठल्या तरी बेटावर आज जिला कळा येत असतील तिला, वाट पाहणाऱ्या तिच्या आईला, समुद्रावर असणाऱ्या नर्सला, समोर दुसरा वाडगा पिणाऱ्या आपल्या म्हाताऱ्याला, आणि तो भरून देणाऱ्या लेकीला त्यांनी मनातल्या मनात म्हटले: सुखरूप असा रे सगळे. वेळेवर पोचा.